मुलांच्या खोलीची एक भिंत: गेरूचा पट्टा, वारली चित्रं आणि बेताचा खर्च

चारही भिंती सजवायला निघालं की पैसे दुसऱ्या भिंतीपर्यंतच पुरतात आणि उरलेल्या दोन बिचाऱ्या दिसतात. त्यापेक्षा एकच भिंत धरावी, शक्यतो पलंगाला लागून असलेली, आणि तिचंही खालचं साडेतीन फूटच. तीन ते आठ वर्षांच्या मुलाची नजर, हात, पेन्सिली आणि तेल लावलेलं डोकं हे सगळं याच उंचीवर फिरत असतं. छताजवळ ढग आणि चांदण्या काढणं ही बहुतेक वेळा आईबापांचीच हौस असते.

इथे दिलेलं काम असं: भिंतीच्या खालच्या साडेतीन फुटांत गेरूच्या रंगाचा पट्टा, त्यावर पांढऱ्या रंगात वारली पद्धतीची चित्रं, वर साधा फिका रंग आणि मधल्या सीमेवर मुलाची चित्रं अडकवायला एक तार. भिंत रंगवण्याच्या स्थितीत असेल आणि काम स्वतः केलं तर सामान साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास बसतं. गावाप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे भाव हलतो. भिंतीला ओल असेल तर मात्र हा हिशोब विसरा, आधी ओलीचं बघा.

रंग आणण्याआधी भिंत तपासा

पैसे वाया जातात ते चुकीचा रंग निवडल्याने कमी आणि खराब भिंतीवर चांगला रंग लावल्याने जास्त. तीन गोष्टी बघायच्या.

पहिली ओल. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. काढल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा तेवढीच भिंत गडद झाली, तर पाणी भिंतीच्या आतून येतंय. अशा भिंतीवर काहीही लावलं तरी पावसाळ्यात पापुद्रे सुटणार. पलीकडे बाथरूम आहे का, बाहेरून भेग आहे का, गच्चीचं पाणी कुठून उतरतं, ते आधी शोधावं लागतं. भिंतीवर पांढरी खारट पावडर येत असेल, म्हणजे लोणा लागला असेल, तरी हेच. लोणा खरवडून वर रंग मारला की दोन महिन्यांत तो पुन्हा वर येतो, कारण क्षार प्लास्टरमध्ये असतात आणि ओल त्यांना बाहेर ढकलत राहते.

दुसरी, आधीचा रंग कोणता आहे. ओल्या फडक्याने भिंत जोरात घासा. फडकं पांढरं झालं तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. त्यावर थेट इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा प्लास्टिक रंग, मारलं तर इमल्शन सुकताना आकसतं आणि खालचा भुसभुशीत थर सोबत घेऊन सुटतं. असा थर पत्रीने (खरवडायच्या पातळ लोखंडी पट्टीने) खरवडून, ओल्या फडक्याने पुसून काढावाच लागतो. फडक्याला काही लागलं नाही तर इमल्शन आहे, नुसतं पॉलिश पेपरने घासून घेतलं तरी चालतं.

तिसरी, भिंतीवर किंवा चौकटीवर जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६च्या नियमांनी घातली आणि ती १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि घासताना उडणारी धूळ लहान मुलाच्या हातातून तोंडात जाते. पाणी मारून ओलं घासा, निघालेला चिखल कागदात गुंडाळून टाका, फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसा. नवीन डबा घेताना त्यावर शिशाबद्दलचा मजकूर आहे ना तेही बघून घ्या. सुट्टा, विनानावाचा रंग मुलांच्या खोलीत नकोच.

काळी बुरशी असेल तर घरातलं ब्लीच एक भाग आणि पाणी तीन भाग असं मिसळून लावा, वीस मिनिटांनी धुवा आणि भिंत पूर्ण वाळू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला. या पाण्यात दुसरं कुठलंही क्लीनर, विशेषतः संडास साफ करायचं ॲसिड, मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम टाळलेलं बरं. ऑक्टोबर हीटमध्ये रंग झपाझप वाळतो, पण तेव्हा दिवाळीमुळे रंगारी मिळत नाहीत आणि मिळाले तर भाव खातात. स्वतः करणाऱ्याला अर्थात त्याची फिकीर नाही.

किती माल लागेल

भिंत १० फूट रुंद आणि ९ फूट उंच धरू. एकूण ९० चौरस फूट. त्यात खालचा पट्टा ३५ आणि वरचा भाग ५५. साधं इमल्शन लिटरला एका हातात, म्हणजे एका थरात, शंभर-सव्वाशे चौरस फूट जातं. म्हणजे वरच्या भागाला दोन हातांचे ११० चौरस फूट, एक लिटर. खालच्या पट्ट्याला दोन हातांचे ७०. पण गडद रंगाला बरेचदा तिसरा हात लागतो, म्हणून तिथेही एक लिटरच घ्यायचा. प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, एक लिटर. चार लिटरचा डबा लिटरमागे स्वस्त पडतो हे खरं, पण उरलेला तीन लिटर रंग माळ्यावर सुकून दगड होणार असेल तर ती बचत कसली?

बाकीचं सामान: भोकं बुजवायला एक किलो तयार ॲक्रिलिक पुट्टी, पॉलिश पेपर १२० आणि २२० नंबरचे तीन-तीन, चार इंची पत्री, दोन इंची ब्रश, सहा किंवा नऊ इंची रोलर आणि ट्रे, एक इंची मास्किंग टेपचा एक रोल, चित्रांसाठी १०० मिली पांढरा ॲक्रिलिक रंग, गोल टोकाचे २ आणि ४ नंबरचे ब्रश, पांढऱ्या खडूचं एक पाकीट. जुनी वर्तमानपत्रं घरात असतातच.

एक चूक नवखे लोक हमखास करतात. पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनरची, म्हणजे छटेसाठी मिसळायच्या दाट द्रव रंगाची, बाटली ओतून गेरूचा रंग करायला जातात, आणि हातात येतो दंतमंजनासारखा गुलाबी. पांढऱ्या इमल्शनमध्ये पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं. त्यात कितीही लाल घातलं तरी ते फिकं करतं. शिवाय लिटरला तीस-चाळीस मिलीच्या वर स्टेनर गेलं की रंग नीट वाळत नाही आणि हाताला लागतो. स्टेनर फिक्या छटांसाठी ठीक आहे, तेव्हा वरच्या भागाचा क्रीम रंग घरी करायला हरकत नाही: एक लिटर पांढऱ्यात चार-पाच मिली पिवळा स्टेनर, आणि सगळा माल एकाच वेळी मिसळायचा, कारण दुसऱ्या खेपेला तीच छटा येत नाही. गेरूचा रंग मात्र दुकानातल्या मशीनवर गडद रंगांच्या बेसमध्येच करून घ्या. टेराकोटा म्हणून मागितला की छटांचं कार्ड पुढे येतं.

मग खरा गेरूच का नको? गेरूची पावडर स्वस्त आहे आणि दिसते सुंदर. पण पाण्यात डिंक किंवा फेव्हिकॉल घालून लावलेला गेरू घासला की निघतो. अंगणातल्या तुळशीवृंदावनाला तो शोभतो, कारण तो दर सणाला पुन्हा लावायचा असतो. पलंगाशेजारी मात्र चादरी लाल होतात.

भिंत तयार करणं

खिळे उपटा. भोकाभोवतीचा सुटा भाग पत्रीने काढा. बारीक भेग असेल तर पत्रीच्या कोपऱ्याने ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी थोडी रुंद करा. हे उलटं वाटतं, पण केसाएवढ्या भेगेत पुट्टी आत जातच नाही, वरवर बसते आणि महिन्याभरात रेघ परत दिसते. भोकं ओल्या ब्रशने पुसून पुट्टी भरा. खोल भोक एकदम भरू नका. पाव इंचाचा थर, तो वाळला की दुसरा. वाळल्यावर १२० ने आणि मग २२० ने घासा. हात फिरवून बघा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. संध्याकाळी बॅटरी भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाकला की प्रत्येक उंचवटा सावलीसकट उघडा पडतो.

घासताना तोंडाला मास्क, मूल दुसऱ्या खोलीत, पंखा बंद. धूळ कोरड्या झाडूने न काढता ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर प्रायमर भिंतीऐवजी धुळीला चिकटतो.

आता प्रायमरचा एक हात. पुट्टी भरलेल्या जागा रंग जास्त पितात, आणि प्रायमर नसेल तर तिथे निस्तेज ठिगळं दिसतात. खालच्या पट्ट्यासाठीच्या प्रायमरमध्ये टेराकोटा रंगाचे दोन मोठे चमचे मिसळले तर वरचा गडद रंग दोन हातांतच भरतो.

सीमारेषा

पट्ट्याची वरची कड वाकडी गेली तर बाकीचं काम कितीही चांगलं असो, नजर तिथेच जाते. जमिनीपासून साडेतीन फूट मोजून एकाच कोपऱ्यात खूण करा, भिंतभर मोजत खुणा करू नका. फरशीला उतार असतो, आणि दहा फुटांत अर्धा इंच फरक सहज पडतो. गवंड्यांची युक्ती वापरा: पारदर्शक प्लास्टिकची नळी पाण्याने भरायची, एक टोक एका कोपऱ्यातल्या खुणेशी धरायचं, दुसरं दुसऱ्या कोपऱ्यात. दोन्हीकडे पाणी जिथे थांबेल ती एक पातळी. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, तेवढं बघा. मग दोन खुणांमध्ये खडू घासलेली दोरी ताणायची, मधे चिमटीत धरून सोडायची. फट्कन सरळ रेघ उमटते.

आधी वरचा फिका रंग, रेघेच्या दोन इंच खालपर्यंत. इमल्शनमध्ये पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, आणि ते पाळायचं. जास्त पाणी म्हणजे जास्त रंग असं वाटतं खरं, पण थर इतका पातळ होतो की तीन हात मारूनही खालचं दिसतं आणि पुसताना भिंतच पुसली जाते. रंग जुन्या नायलॉन साडीच्या तुकड्यातून गाळून घ्या. कडा ब्रशने, मधला भाग रोलरने. रोलर ट्रेवर निथळून मग भिंतीला लावा. दोन हातांमध्ये किमान चार तास जाऊ द्या. घाई केली तर दुसरा हात पहिल्याला ओढून काढतो.

फिका रंग एक पूर्ण दिवस वाळू द्या आणि मगच झाकली गेलेली रेघ पुन्हा मारून तिच्यावर मास्किंग टेप लावा. सेलोटेप नको, ती रंग उपटते. टेपची खालची कड चमच्याच्या पाठीने दाबा आणि त्या कडेवरून आधी फिक्या रंगाचाच एक पातळ हात फिरवा. टेपखाली फटी असतील तर त्यात हा फिका रंग जाऊन त्या बुजतात, मग गडद रंग आत शिरत नाही. रंगाऱ्यांची ही छोटी चलाखी शंभर रुपयांच्या महागड्या टेपपेक्षा जास्त उपयोगी आहे. टेराकोटाचे हात झाले की शेवटचा हात किंचित ओला असतानाच टेप तिरपी, सावकाश ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर कडेचे तुकडे निघतात.

चित्रं

वारली चित्रं कुडाच्या भिंतीवरची. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागात सवाशिणी लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने ती काढत आल्या. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि कापडावर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. हे सांगायचं कारण असं की लग्नाचा चौक, म्हणजे लग्नासाठी काढतात ती चौकोनी आकृती, ज्यात पालघट देवी असते, तो विधीचा भाग आहे. मुलाच्या खोलीत सजावट म्हणून तो उतरवू नये. शेत, झाडं, कोंबड्या, मासेमारी, तारपा नाच (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणाऱ्याभोवती गोल नाचतात) काढायला मोकळीक आहे. आजचे वारली चित्रकार आगगाडीही काढतात, तेव्हा मुलाला एसटी हवी असेल तर बिनदिक्कत काढा.

सहा इंची माणसाचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे. डोकं पाऊण इंच, मान अर्धा इंच, वरचा उलटा त्रिकोण दीड इंच, खालचा सुलटा त्रिकोण सव्वा इंच, पाय दोन इंच. दोन त्रिकोणांची टोकं कमरेपाशी एकमेकांना टेकतात. डोळे-नाक नाही, बाईच्या डोक्यामागे अंबाड्याचा ठिपका. सगळी गंमत कोपर आणि गुडघ्याच्या कोनात आहे. हातपाय सरळ काढले तर आकृती सार्वजनिक शौचालयाच्या दारावरच्या पाटीसारखी दिसते. गुडघा वाकवला, वरचा त्रिकोण थोडा पुढे कलला, की माणूस चालायला लागतो.

आधी कागदावर वीस-पंचवीस माणसं काढून हात बसवा. भिंतीवर खडूने आखा, पेन्सिलीने नको. शिसपेन्सिलीची रेघ पांढऱ्या रंगातून राखाडी दिसते आणि खोडताना चकाकते. दहा फुटांचा पट्टा सलग भरायला जाऊ नका, चित्रं सुरुवातीला मोठी आणि शेवटी दाटीवाटीची होतात. तीन-तीन फुटांचे तीन प्रसंग ठरवा आणि मधे एकेक झाड. तारपा नाचासाठी खिळा न ठोकता मध्यभागी एकाला दोरीचं टोक बोटाने दाबून धरायला सांगा आणि दुसऱ्या टोकाला खडू बांधून नऊ इंच त्रिज्येचं वर्तुळ काढा. सहा इंची चौदा-पंधरा माणसं पाय रेघेवर ठेवून त्यावर बसतात, तारपावाला मधे.

पांढरा ॲक्रिलिक रंग फार पातळ नको. चार चमचे रंगाला पाऊण चमचा पाणी पुरे. ब्रशवरून थेंब ओघळला तर पाणी जास्त झालं, रेघ तुटक आली तर कमी. डोकी आणि धान्याचे दाणे कान कोरायच्या कापसाच्या काडीने टेकवायचे, सगळे सारखे येतात. रेघा वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे भरत या, म्हणजे मनगट ओल्या रंगावर टेकत नाही. डावऱ्याने उजवीकडून सुरुवात करावी. चूक झाली तर लगेच ओल्या कापसाने पुसा. वाळल्यावर लक्षात आली तर टेराकोटाचा एक ठिपका वर लावा. भाताची रोपं, मासे आणि पक्षी मुलाच्या हातून भरून घ्या. वाकडे आले तर येऊ द्यात, या चित्रांत ते खपून जातं.

पलंगाच्या डोक्याकडच्या तीन फुटांवर पाण्यातल्या पारदर्शक वॉर्निशचा एक हात द्या. तेलाचा डाग मग साबणाच्या पाण्याने निघतो. चित्रांवर हा वॉर्निशचा हात देण्याआधी तीन दिवस जाऊ देणं चांगलं, नाहीतर पांढरं पसरतं. मुलाने त्या खोलीत दोन रात्री झोपू नये, खिडक्या उघड्या राहू द्यात.

तार आणि चिमटे

सीमारेषेच्या सहा इंच वर, म्हणजे चार फुटांवर, पडद्याची स्प्रिंगची तार ताणून लावा आणि वीस लाकडी चिमटे. दर आठवड्याची नवी चित्रं इथे लागतात आणि भिंतीला चिकटपट्टी लागत नाही. दुहेरी फोमची टेप काढताना रंगाचा पापुद्रा घेऊनच येते, हे बहुतेकांना एकदा तरी कळतंच. तार घट्ट हवी. सैल दोरी किंवा लोंबणारा फास तीन वर्षांखालच्या मुलाच्या पलंगाजवळ अजिबात नको. डोक्याच्या वर काचेची चौकट, जड घड्याळ, फळी यांपैकी काहीही टांगू नका.

भाड्याचं घर असेल तर

मालक खिळासुद्धा ठोकू देत नसेल तर भिंतीऐवजी पातळ हार्डबोर्डची ८ बाय ४ फुटांची शीट घ्या. आडवी लावली की चार फूट उंचीचा पट्टा तयार. गुळगुळीत बाजू १२० च्या पॉलिश पेपरने आधी मारा, नाहीतर रंग सरकतो. प्रायमर दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावला तर शीट धनुष्यासारखी वाकते. कडांना दोन हात द्या, दमट हवेत तिथूनच ती फुगते. शीट पलंग आणि भिंत यांच्यामध्ये घट्ट अडकवायची, आणि पलंग हलवता न येणारा हवा, म्हणजे ती अंगावर पडणार नाही. घर बदलताना चित्रं सोबत नेता येतात. टेम्पोत शीट उभी बांधायची, आडवी टाकली की तिच्यावर कोणीतरी पातेली रचतं.

स्टिकर आणि वॉलपेपरबद्दल थोडक्यात: डिस्टेंपरवर स्टिकर लावले तर काढताना रंगासकट निघतात. इमल्शनवर हेअर ड्रायरने गरम करून सावकाश ओढले तर बहुतेक वेळा सुटतात. वॉलपेपरचा नेहमीचा रोल ५७ चौरस फुटांचा असतो. आपल्या भिंतीला दोन रोल लागतील आणि मुलाचं नख एका सांध्यात शिरलं की उपटायचा खेळ सुरू होईल. बेताच्या खर्चात तो बसत नाही.

उरलेला टेराकोटा आणि क्रीम रंग जॅमच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून ठेवा. बरणीत हवा राहिली की रंगावर साय धरते. बरणीवर रंगाचं नाव, कंपनी, दुकानाच्या मशीनने छापलेला छटेचा नंबर आणि तारीख लिहा. डब्यावरचं ते चिकटलेलं लेबलच काढून बरणीला लावलं तर आणखी सोपं. वर्षभराने पलंगाच्या कोपऱ्याने भिंतीला टवका पडला की याच बरणीतला चमचाभर रंग लागतो.